भिंतीच्या कडेकडेनं

आपला डावा हात भिंतीला लागलेला आहे हे सरोजिनीच्या ध्यानात आलं. अलिबागचा बाजार, सकाळचे साडेदहा, उजव्या हातात पांढऱ्या कांद्याची माळ, आणि डावा हात कुणाच्या तरी चुना लावलेल्या भिंतीवरून सरकत चाललेला. बोटांची टोकं पांढरी झाली होती, म्हणजे हात तिथं बराच वेळ असला पाहिजे. रस्ता चांगला रुंद, मोकळा. अंगावर येणारी रिक्षा नाही, चुकवायचा चिखल नाही, कुत्रं नाही. खुशाल मधून चालावं. आणि तरी ती कडेकडेनं चालली होती. का, ते तिला पुढच्याच पावलाला कळलं. हा रस्ता कुठला, तो पुढे कुठं जातो, हे तिला ठाऊक नव्हतं. ज्या गावात ती वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून आली, जिथल्या शाळेत मॅट्रिक झाली, जिथल्या बोळाबोळांतून चौऱ्याहत्तर वर्षं तिच्या चपला झिजल्या, त्या गावचा एक रस्ता तिच्यापुढे परक्यासारखा उभा होता. दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या. अक्षर न् अक्षर लागत होतं. पण त्या पाट्यांचा एकमेकींशी काही संबंध लागत नव्हता. तिनं भिंतीवरचा हात काढला. काढला तसा तोल गेल्यासारखं झालं, आणि हात आपणहून परत भिंतीकडे गेला.

भिंत धरून चालण्याचा अर्थ तिच्याइतका कुणाला कळला असता? एकतीस वर्षं तिनं पांढरे उंदीर बघितले होते. पेणच्या अलीकडे खाडीकाठी एक प्रयोगशाळा होती, तिथं. फवारणीची औषधं, रंगांतले द्रव, गोंदांतले द्रव, असं काय काय कंपन्यांकडून यायचं. बाजारात जाण्याआधी ते उंदरांना थोडं थोडं देऊन त्यांच्या मेंदूवर, नसांवर काही परिणाम होतो का ते तपासायचं. चिरून बघणारे लोक वेगळे. सरोजिनीचं काम जिवंत उंदीर नुसता बघण्याचं. पिंजऱ्यात कसा बसलाय, हातात घेताना अंग चोरतो का, कानामागे टिचकी वाजवली तर दचकतो का, फिरत्या दांड्यावर किती वेळ टिकतो. मागच्या पायांना शाई लावून वीतभर उंचीवरून पांढऱ्या कागदावर सोडायचा आणि दोन ठशांमधलं अंतर मोजायचं. नसा बिघडल्या की पाय फाकतात. मग त्याला मीटरभर लांबरुंद लाकडी पेटीत सोडायचं. लॅबमध्ये तिला मैदान म्हणत. नवा उंदीर आधी भिंत धरतो, मिशा भिंतीला लावून फेऱ्या मारतो. हळूहळू धीर येतो, मग मधे जातो, मागच्या पायांवर उभा राहून हवा हुंगतो. कोण किती मधे येतो ते बघून तिनं प्रत्येकापुढे आकडा घालायचा. शून्य, एक, दोन, तीन. कुठल्या उंदराला औषध दिलंय आणि कुठल्याला नुसतं पाणी, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. कळलं तर डोळा खोटं बोलतो. सरोजिनीचा डोळा खोटं बोलत नाही, असं मोठे साहेब पाहुण्यांना सांगत. पिंजरे धुणारी वेणूबाई दारात बादली ठेवून म्हणायची, "बाई, येवढा निरखून एखादा नवरा बघितला असतात, तर आज नातवंडं खेळली असती मांडीवर." आणि सरोजिनी आकडा लिहिता लिहिता म्हणायची, "उंदीर उलटून बोलत नाहीत, वेणूबाई."

"मावशी, अहो, इकडं कुठं?" कुणीतरी हाक मारली तेव्हा रस्ता एकदम जागेवर आला. जसं फिरतं काचेचं भिंग कुणीतरी नेमकं बसवावं, तशी सगळी दुकानं आपापल्या नावांनिशी उभी राहिली. हाक मारणारा बाबाजी किराणावाला होता, गेली चाळीस वर्षं त्याच ओट्यावर बसलेला. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि तिच्या नकळत खारघरला तिच्या भाच्याला फोन लावला. ही परवाची गोष्ट. त्यानंतर तो भाचा, अजेय, किहीमला तिच्या घरी आला तो लगेच परत निघायच्या घाईत असल्यासारखा. पडवीतल्या झोपाळ्यावर न बसता उभ्या उभ्या म्हणाला, "मावशी, मी तुला जबरदस्ती करणार नाही. डॉक्टर म्हणाले एकटीनं राहायला हरकत नाही, तर मी पुन्हा एक शब्द काढायचा नाही. पण ते नको म्हणाले तर माझ्याकडे चलायचं. ठरलं?" त्याचं घर चौदाव्या मजल्यावर. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी मारलेली. तिथं ती एकदा आठ दिवस राहिली होती, आणि आठही दिवस सकाळी उठून जाळीत बोटं घालून उभी राहायची. इथं पाठीमागे माड, विहीर, रहाट काढून बसवलेला पंप, आईनं लावलेली बकुळ, आणि माडांच्या पलीकडे दिवसरात्र समुद्राचा तो एकच आवाज, जो ऐकू येत नाही पण थांबला तर जीव जाईल. "ठरलं," ती म्हणाली. म्हणायला काय लागतं. पण त्या शब्दासरशी तिच्या मानेवरून जे काही गार सरकलं ते अजून उतरलं नव्हतं.

तेव्हापासून ती स्वतःला बघत होती. आयुष्यभराचा डोळा, तो आता आत वळला. सकाळी चहाचा कप उचलताना पकडीचा जोर बघायचा. पडवीच्या फरशीच्या रेघेवरून टाचेला बोटं लावत चालायचं. न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आल्यावर मागे वळून आपलेच ठसे बघायचे : पाय फाकलेत का? एकदा विहिरीपाशी उभी असताना मागे हातभरावर नारळ पडला. धप्पकन. ती दचकली नाही. दचकली नाही हे कळल्यावर मात्र ती तिथल्या दगडावरच बसली. शून्य, तिनं मनात लिहिलं. आवाजाला प्रतिसाद शून्य. आणि मग तिला धर्मा आठवला. धर्मा म्हणजे त्यांच्या वाडीत आंब्यांवर फवारणी करणारा माणूस, आताच्या गड्याचा, मोरूचा, बाप. तुडतुड्यांवर एक नवं औषध निघालं होतं तेव्हा, तीन हंगाम त्यानं ते पाठीवरच्या पंपानं मारलं, नाकाला नुसता पंचा बांधून. चौथ्या वर्षी त्याच्या विडीला काडी लागेना, हात असा थरथरायचा. मग चालताना पाय ओढायला लागला. गाव म्हणालं, पितो. पीत तर होताच. दारूनं की औषधानं, हे कुणी विचारलं नाही, आणि ज्या एका बाईला विचारता आलं असतं ती पडवीत उभी राहून त्याची चाल बघत होती आणि मनातल्या मनात आकडे घालत होती. त्याच झाडांखाली तीही वावरली होती. तेच आंबे, तीच माती, तीच विहीर. मग हे जे आज तिच्या डोक्यात चाललंय ते वयानं आलंय की तेव्हापासून थेंब थेंब भरत आलंय? उंदराला निदान डोस ठरवून देतात.

बाहेरून बघायला सगळं ठीकच होतं. परवाचीच कांद्याची माळ खुंटीला टांगली होती, तिच्यातल्या कांद्यांना बोटबोट हिरवे कोंब फुटले होते. बाबाजी हल्ली जुना माल गळ्यात मारतो. मोरूला तिनं सांगितलं, "मोरू, नारळ पाडून घे रे आज," तर तो तोंडाकडे बघत राहिला. "कालच पाडले की बाय. पडवीत हायेत ना ढीग." कामचुकारपणा, दुसरं काय. बापासारखा नाही निघाला. तिनं पडवीत जाऊन पाहिलं तर ढीग होता, पण तो आधीचा असणार.

दवाखान्यात जायच्या सकाळी तिनं मुद्दाम धुवट सुती पातळ नेसलं, केसांना तेल लावलं नाही, फूल माळलं नाही. वास नको. ही जुनी सवय. गाडीत अजेय रेडिओ लावत होता, बंद करत होता. "घाबरू नकोस गं मावशी. गप्पा मारायच्या, बस." "मी कशाला घाबरू?" ती म्हणाली. "मी परीक्षा घेणारी आहे, देणारी नव्हे." तो हसला नाही. स्वागतकक्षातल्या बाईनं नाव न विचारता "या आजी, बसा," म्हटलं; भलं माणूस दिसतंय. आतल्या खोलीत एक मुलगी होती, पंचविशीची, चष्मा, केसांचा घट्ट बुचडा, समोर कागद आणि स्टॉपवॉच. शिवानी, असं तिनं नाव सांगितलं. डॉक्टर शेवटी येतील, चाचणी ती घेणार. सरोजिनीनं माणुसकीनं विचारलं, "कुठली गं तू?" मुलीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "तळ्याची," ती म्हणाली. "तळं म्हणजे ते डोंगराकडलं गाव. आमच्याकडे तळ्याची एक शिक्षिका होती," सरोजिनी सांगायला लागली, आणि मुलगी ऐकत राहिली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. तो चेहरा सरोजिनीनं ओळखला. तिनं स्वतः तो कमावला होता, पहिल्या वर्षी, लॅबच्या न्हाणीतल्या आरशासमोर उभी राहून. बघणाऱ्याचा चेहरा. त्यावर काही दिसलं की प्राण्याला कळतं. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कळलं की त्या चेहऱ्याच्या पुढ्यात बसल्यावर कसं वाटतं : भिंत शोधावीशी वाटते.

"मी पाच शब्द सांगते आजी, नंतर विचारीन. होडी. चमचा. पिवळा. देऊळ. जाई." सरोजिनीनं ते पाचही शब्द मनात घट्ट धरले, मुठीत चिल्लर धरावी तसे. मग शंभरातून सात सात वजा करायचे. मग घड्याळ काढायचं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. तिनं गोल छान काढला. बारा आकडे आत बसवताना मात्र ते एका बाजूला सरकत गेले, शेवटच्या तिघांना जागा उरली नाही, आणि तेवढ्यात मुलीचं पेन कागदावर टेकलं. टेकल्याचा बारीक आवाज झाला. त्या आवाजानं सरोजिनीचं सगळं अंग थिजलं. मुठीतले शब्द कुठं सांडले ते कळलं नाही. "आता मगाचे पाच शब्द सांगा." होडी, ती म्हणाली. होडी. मग समोरच्या भिंतीवर एक पाल होती तिच्याकडे ती बघत राहिली. पाल सुद्धा मुलीच्याच बाजूची वाटली. स्टॉपवॉच चालू होतं. विहीर, पडवी, बकुळ, चौदावा मजला, जाळी. हे शब्द येत होते, पण ते कुणी विचारले नव्हते.

"राहू दे," मुलगी मऊपणे म्हणाली.

"थांब," सरोजिनी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला परका लागला. "तू आत्ता जे लिहिणार आहेस ते लिहू नकोस. ऐक आधी. मी कुणाला सांगितलेलं नाही हे. तेहतीस वर्षं कुणालाही नाही."

मुलीनं पेन खाली ठेवलं.

"आमच्या घरी मांजर व्यायली होती. कपाटाच्या खालच्या खणात, माझ्या घडीच्या पातळांवर. आई म्हणाली, बाळंतीण आहे ती, हलवायचं नाही, पाप लागतं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात ना, आठ दिवसांनी नेली तिची तिनं. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या बायकांचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू. नारायणपेठी त्याच खणातलं. झटकलं, उन्हात टाकलं, नेसले, वरून लॅबचा पांढरा कोट चढवला. कोट गुडघ्यापर्यंत. निऱ्या खाली उघड्याच. तशीच उंदीर छातीशी धरून मैदानात सोडत होते. बारा उंदीर, बाराही कोपऱ्यात. हलेनात. वेणूबाई म्हणाली, बाई, आज उंदीर सोवळ्यात बसलेत. मी हसले आणि आकडे घातले. शून्य, शून्य, एक, शून्य. त्या उंदरांच्या शंभर पिढ्यांनी मांजर पाहिलेलं नव्हतं गं. पण वास कळतो. हाडात असतो तो. संध्याकाळी घरी निऱ्यांना केस चिकटलेले दिसले तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"मग?"

"रोज सगळे गट मिसळून घ्यायचे, हा नियम. पण त्या आठवड्यात वीज जात होती, म्हणून पिंजऱ्यांची एकेक मांडणी सरसकट उरकली. पंधरा दिवसांनी कोण कुठल्या गटातला ते उघडलं. आदल्या दिवशी बघितलेले उंदीर औषधाचे. ते मंद होते. आणि माझे कोपऱ्यात बसलेले बारा, ते नुसत्या पाण्याचे. धडधाकट. त्यांच्याशी ताडून पाहिलं तर औषधाचे उंदीर मंद दिसेनातच. फरक नाही, असा अहवाल गेला. मी सही केली. तुडतुड्यांवरचं औषध होतं ते, बाजारात आलं. साहेबांना काय सांगू, मांजरीमुळे? माझा डोळा खोटं बोलत नाही म्हणायचे ते." ती थांबली. धर्माचं नाव ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. "तुला हे का सांगते, तर घाबरलेला उंदीर आणि बिघडलेला उंदीर वरून अगदी सारखाच दिसतो. कोपऱ्यात बसलेला. मी आत्ता घाबरले आहे, शिवानी. तुझ्या पेनाला घाबरले. मला माझ्या घरून हलवतील म्हणून घाबरले. कागदावर तसं लिही, आणि पुन्हा कधीतरी घे चाचणी. हा आजचा आकडा खरा नाही."

बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि बंद झाला. मुलीचा तो कमावलेला चेहरा आता तिला सांभाळता येत नव्हता. नवी आहे, सरोजिनीच्या मनात आलं, अजून दोन वर्षं लागतील.

"आजी," शिवानी म्हणाली, "तुम्ही हे मला सांगितलंयत. मांजरीचं, हळदीकुंकवाचं. मागच्या दोन्ही वेळा."

"कुठल्या दोन्ही वेळा? मी परवा बाजारात रस्ता चुकले, म्हणून आज आले."

"ते होळीच्या आधी, आजी. तेव्हा एकदा आलात. पाडव्याच्या अगोदर पुन्हा. दोन्ही वेळा मी लिहिलंय, रुग्ण फार घाबरलेली आहे, चाचणी पुन्हा घ्यावी. म्हणूनच तर सरांनी आज परत बोलावलं."

तिनं फाइल उघडून पुढे सरकवली. सरकवायला नको होती, नियमात बसत नाही, पण सरकवली. आत दोन घड्याळं होती. पेन्सिलीनं काढलेली, गोल छान, आणि आकड्यांचं वळण सरोजिनीचं, सातला आडवी रेघ देण्याची तिचीच खोड. पहिल्या घड्याळात आकडे जरा दाटीनं का होईना, बाराच्या बारा बसले होते. दुसऱ्यात एक बाहेर. तिसरं तिच्या हाताशी होतं, अजून ताजं. ही घड्याळं कुणी दुसऱ्यानं काढली म्हणावं तर हात तिचा, आणि तिनं काढली म्हणावं तर ती सकाळ, ती खुर्ची, ही मुलगी, काही म्हणता काही आठवेना. भीती एवढा वेळ तिच्यासमोर होती, पेनाच्या टोकात होती. ती आता उठून तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, जिथं बघता येत नाही.

आणि तरी डोळा आपलं काम करतच राहिला. तिन्ही कागद तिनं शेजारी शेजारी लावले, जसे शाईचे ठसे लावायची. नुसत्या भीतीनं घड्याळ असं दर वेळी जास्त बिघडत जात नाही. भीतीला सवय होते. तोच उंदीर, तीच पेटी. पहिल्या दिवशी भिंत धरतो, दुसऱ्या दिवशी कमी, तिसऱ्या दिवशी पेटी त्याच्या ओळखीची झालेली असते आणि तो पार मधोमध जाऊन अंग चाटत बसतो. मांजरीच्या वासानं थिजलेले ते बारा, तेही पुढच्या आठवड्यात खुशाल मैदानभर फिरले होते. तिसऱ्या दिवशीही ज्याला ती पेटी पहिल्या दिवसाइतकीच नवी वाटते, जो पुन्हा पहिल्यापासून घाबरतो, तो नुसता घाबरलेला नसतो. नव्या मुलींना हे शिकवताना ती किती वेळा म्हणाली होती, यात चुकू नका गं, हीच तर खूण.

"तू कुठली म्हणालीस मघाशी?" तिनं विचारलं.

"तळ्याची."

"आणि ते तुला मी तिन्ही वेळा विचारलं?"

मुलीनं मान डोलावली.

"पेन दे."

"आजी, मला तसं देता येत नाही..."

"दे गं. बघणारी मीच आहे." तिनं पेन घेतलं. शेवटच्या कागदाच्या तळाशी शेऱ्यासाठी जागा होती, तिथं तिनं आपल्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं : तिसरी वेळ. खोलीची ओळख नाही. भीतीचा परिणाम धरू नये. खाली सही केली, पूर्ण नावानिशी, अहवालावर करायची तशी. सहीच्या शेजारी तारखेचा रकाना होता. पेन त्याच्यावर नेऊन ती थोडा वेळ थांबली, खिडकीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि मग पेन टोपण लावून परत दिलं.

"तारीख तेवढी तू घाल, बाळ."

दार उघडून अजेयनं डोकं आत घातलं. "झालं का मावशी? कसं काय झालं?" त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिनं नीट बघून घेतलं. तिसऱ्यांदा इथं आलेल्या माणसाचा चेहरा होता तो, आणि त्यानं तिला एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

"अजेय, किहीमच्या घराची चावी मोरूकडे दे. आजच दे, जाता जाता," ती म्हणाली. उठताना तिनं टेबलाची कड धरली, मग सोडली. "उद्या मी नाही म्हणेन. भांडेन, रडेन, मी कधी कबूल केलं म्हणून विचारीन. तेव्हा माझं ऐकू नकोस."